हायकू बीटा ५ : चाचणीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

काल हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमची पाचवी बीटा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती आली. चौथी आली होती २०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी. मधली पावणेदोन वर्षं वाट पाहण्यात गेली, त्यामुळे आज दुकानाचं शटर अर्ध्यावर ठेवूनच दोन्ही इमेज उतरवून घेतल्या, ६४ बिटची आणि ३२ बिटची. चेकसम जुळले. दोन पेन ड्राइव्हवर लिहून ठेवल्या.

चाचणीला तीन मशिनं घेतली आहेत. २०१३ चा लॅपटॉप, ६४ बिट, ४ जीबी रॅम. एक ड्युअल कोअर डेस्कटॉप, गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही. त्यात १ जीबीच्या दोन पट्ट्या. आणि ॲटम प्रोसेसरचं छोटं नेटबुक, फक्त ३२ बिट, रॅम १ जीबी.

हायकू जगभरातली मोजकी माणसं फावल्या वेळात लिहितात. हायकू इंक. ही त्यांची ना-नफा संस्था २०२१ पासून एका प्रोग्रामरला पूर्णवेळ कामाचं मानधन देते, बाकी सगळे स्वयंसेवक. त्यांच्या टेबलावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, ठोकरा खाल्लेली मशिनं असतीलच असं नाही. मिरजेत दुरुस्तीच्या दुकानात मात्र ती रोज येतात. मला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिता येत नाही, पण कुठल्या मशिनवर काय चालतं आणि काय चालत नाही हे मी नेमकं लिहून देऊ शकतो. ते काम मी घेतलंय.

१५ सप्टेंबर, रविवार

लॅपटॉपवर बसवलं. इन्स्टॉलरचं काम चहा यायच्या आत संपलं. बूट लोडरची फाइल ईएफआय विभाजनावर हाताने ठेवली. वाय-फाय पहिल्या फटक्यात लागलं. हायकूतले नेटवर्कचे ड्रायव्हर बरेचसे फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे आहेत. मध्ये एक पातळ थर ठेवून ते जसेच्या तसे वापरले जातात. काही वाय-फाय चिपांसाठी ओपनबीएसडीचेही ड्रायव्हर घेतले आहेत. इतक्या कमी माणसांनी प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर स्वतः लिहायचा म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही, त्यामुळे हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

चेकलिस्ट: आवाज येतो, टचपॅडवर दोन बोटांनी वरखाली होतं, स्क्रीनचं रेझोल्यूशन बरोबर. झाकण मिटवून झोपवणं आणि उठवणं ही सोय हायकूत अजून नाही, म्हणून तो रकाना रिकामा.

दुपारी गुरुजी प्रिंटरची शाई घ्यायला आले. मराठीचे निवृत्त शिक्षक, माझेही. पडद्यावर हायकूचं पान पाहून म्हणाले, "हायकू? शिरीष पैंचा हायकू?"

"तोच हायकू, गुरुजी, पण जपानमार्गे नाही, अमेरिकेमार्गे आला."

मग सगळं सांगितलं. ॲपल सोडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही प्रणाली त्या काळच्या साध्या मशिनवर एकाच वेळी अनेक व्हिडिओ न अडखळता चालवायची. १९९६ मध्ये ॲपलला नवी प्रणाली विकत हवी होती तेव्हा बीशी बोलणी झाली, पण वर्षअखेर ॲपलने नेक्स्ट घेतली. २००१ मध्ये बीची मालमत्ता पामने घेतली आणि बीओएसचं काम थांबलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या चाहत्यांनी तीच प्रणाली मुळापासून, उघड्या परवान्याखाली, पुन्हा लिहायला घेतली. २००४ मध्ये तिचं नाव हायकू झालं. बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान सापडलं नाही की त्रुटीचा संदेश हायकूच्या तीन ओळींत यायचा, त्या आठवणीवरून.

गुरुजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मराठी लिहिता येतं का यात?"

मी म्हटलं, बघून सांगतो. हे चेकलिस्टमध्ये नव्हतंच. लिहून ठेवलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, दुकान बंद. काम नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

डेस्कटॉपवर बसवलं. वीसेक मिनिटं ब्राउझर उघडा ठेवला आणि कर्नल कोसळला. हायकूत असं झालं की मशिन नुसतं गोठत नाही, 'कर्नल डिबगिंग लँड' उघडतं, आमच्या बोलण्यात केडीएल. तिथे कमांड देऊन कर्नल कुठे अडकला ते पाहता येतं. या डेस्कटॉपला गोल पिनचा जुना कीबोर्ड मी मुद्दाम ठेवलाय, कारण केडीएलमध्ये यूएसबी कीबोर्ड चालेलच याची खात्री नसते आणि गोल पिनचा दगा देत नाही.

'बीटी' ही कमांड देऊन बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना कोडची कुठली वाट चालू होती त्याची यादी, घेतला, मोबाइलवर फोटो काढला. पेज फॉल्ट, फाइल कॅशच्या कोडमध्ये. मग तिथूनच 'रीबूट' दिलं. वीज न तोडता असं रीबूट केलं तर मागच्या सत्राचा सिसलॉग, म्हणजे प्रणालीची स्वतःची रोजनिशी, रॅममध्ये टिकून राहतो. बूट होताना शिफ्ट दाबून ठेवायचं, डिबगच्या मेनूत जायचं आणि तो फॅट फाइल प्रणालीच्या पेन ड्राइव्हवर उतरवायचा. आज तो पूर्ण मिळाला. यापूर्वी दोनदा मी घाईत पॉवरचं बटण दाबून तो गमावला होता, म्हणून आता बटणावर कागदाची पट्टी चिकटवलीय.

२१ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा केडीएल, यावेळी पॅकेज उघडताना. हायकूकडे तक्रार नोंदवली. नोंदीत काय काय दिलं ते पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून इथेही लिहितो: आवृत्तीचा क्रमांक, 'लिस्टडेव्ह' आणि 'लिस्टयूएसबी' (मशिनला जोडलेल्या भागांची यादी देणाऱ्या कमांड) यांचा पूर्ण मजकूर, सिसलॉग जोडून (फोटो नाही, फाइल), बॅकट्रेसचा फोटो, आणि आधी काय करत होतो ते क्रमाने.

२२ सप्टेंबर, रविवार

तिसऱ्यांदा. यावेळी नेटवर्कच्या कोडमध्ये.

संध्याकाळी तिन्ही बॅकट्रेस समोर मांडून बसलो. एक फाइल कॅश, एक पॅकेजची फाइल प्रणाली, एक नेटवर्क. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रणालीत चूक असली तर ती बहुतेक त्याच वाटेने पुन्हा पुन्हा समोर येते. इथे दर वेळी वाट वेगळी. अशा वेळी संशय कोडवर नाही, लोखंडावर घ्यायचा. गिऱ्हाईकांच्या मशिनवर मी हे शंभरदा पाहिलंय, आणि तरी काल तक्रार लिहायच्या आधी रॅम तपासली नाही याचं मला आज फार वाईट वाटतंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दोन्ही पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, ब्रशने झटकली, परत बसवल्या. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून घरी गेलो.

२५ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पडद्यावर लाल ओळी. प्रत्येक फेरीत तोच पत्ता, तोच एक बिट. पट्ट्या वेगळ्या करून तपासल्या: आतल्या खाचेतली पट्टी खराब, दुसरी निर्दोष. खराब पट्टीवर मार्करने फुली मारून तुकड्यांच्या डब्यात.

तक्रारीत लगेच लिहिलं की चूक हायकूची नव्हती, रॅमची पट्टी खराब होती, मेमटेस्टचा फोटो जोडतोय, कृपया नोंद बंद करावी. तोवर एका प्रोग्रामरने माझा सिसलॉग वाचून एक प्रश्न विचारला होता. कुठल्या तरी देशात, बहुधा नोकरीवरून घरी आल्यावर, त्याने माझ्या पट्टीसाठी वेळ घातला. त्याची क्षमा मागितली. यापुढे माझा नियम: दोन बॅकट्रेस जुळत नसतील तर आधी मेमटेस्ट, मग तक्रार.

हायकूला कमीत कमी ३८४ एमबी रॅम लागते, त्यामुळे डेस्कटॉप उरलेल्या एका पट्टीवर चाचणीत ठेवला आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. डेस्कटॉपवर 'पीकेजीमॅन अपडेट', म्हणजे पॅकेजं अद्ययावत करणारी कमांड, चालू होतं आणि लाईट गेली. या मशिनला यूपीएस नाही. ही चाचणी मी ठरवून केली नसती, पण आपल्याकडच्या वापरात हीच सगळ्यात खरी चाचणी.

लाईट आल्यावर मशिन सरळ डेस्कटॉपपर्यंत गेलं. सिसलॉगमध्ये ओळ होती की डिस्क नीट बंद झालेली नव्हती, म्हणून जर्नल पुन्हा चालवलं. बीएफएस ही फाइल प्रणाली रचनेतला प्रत्येक बदल आधी जर्नलमध्ये लिहिते आणि मग जागेवर. 'चेकएफएस' फक्त तपासणीसाठी चालवलं, एकही चूक निघाली नाही.

पॅकेजांचं काय झालं हे पाहायची मला जास्त उत्सुकता होती. हायकूत पॅकेज उलगडून डिस्कवर सांडत नाहीत. प्रत्येक प्रोग्राम एका एचपीकेजी फाइलमध्ये बंद असतो, आणि आतल्या गोष्टी सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असल्यासारख्या नुसत्या दाखवल्या जातात. तिथे कुणाला काही लिहिता येत नाही. नवी पॅकेजं आधी 'ट्रान्झॅक्शन' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरतात आणि सगळी आल्यावरच कामाला लागतात. तसंच दिसलं: त्या फोल्डरमध्ये दोन पूर्ण आणि एक अर्धवट फाइल पडून होती, आणि चालू प्रणालीला धक्कासुद्धा लागला नव्हता. फोल्डर काढून टाकला, अपडेट पुन्हा दिलं, झालं.

दुकानात अपडेटच्या मध्ये लाईट जाऊन मेलेली इतकी मशिनं येतात, की आजची नोंद लिहिताना मला मनापासून आनंद होतोय.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी बातमी आली: केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गुरुजींचा फोन आला, आवाज भरून आला होता. शेवटी म्हणाले, "आणि तुझ्या त्या हायकूत मराठी आली का रे?"

रात्री दुकानात थांबून तेच घेतलं. देवनागरीचा नोटो फाँट घरच्या फोल्डरात, 'नॉन-पॅकेज्ड' मधल्या फाँटच्या जागी ठेवला. हायकूचा स्वतःचा संपादक स्टाइल्डएडिट उघडला, तो फाँट निवडला, आणि पेन ड्राइव्हवरून एक मराठी फाइल उघडली.

अक्षरं दिसतात, शब्द दिसत नाहीत.

'किती' या शब्दातली पहिली वेलांटी क च्या आधी यायला हवी, ती क आणि ती यांच्या मध्ये येऊन उभी राहते. 'कीर्ती'तला रफार त वर चढत नाही. र आपला पाय मोडून त च्या शेजारी बसतो. 'प्रकल्प' मध्ये दोन पाय मोडलेली अक्षरं. 'ज्ञानेश्वर' वाचताना तर डोळ्यांनाच इजा होते.

कारण सरळ आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, पहिली वेलांटी व्यंजनानंतरच साठवतात, उच्चाराच्या क्रमाने. ती डावीकडे नेणं, र आणि हलन्ताचा रफार करणं, क आणि ष चा क्ष करणं, ही कामं दाखवण्याच्या वेळी करायची असतात. हायकूत पडद्यावर अक्षर काढतो ॲप सर्व्हर. तो फ्रीटाइप या फाँट वाचणाऱ्या लायब्ररीकडून एकेका कोडसाठी एकेक आकार घेतो आणि डावीकडून उजवीकडे मांडत जातो. मधला जुळारी नाहीच. इतर प्रणालींत ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते.

ताडून पाहायला तीच फाइल लिबरऑफिसमध्ये आणि केट या संपादकात उघडली, दोन्ही हायकूवर मिळतात. दोन्हीत मराठी स्वच्छ. कारण ते प्रोग्राम बाहेरून आलेले आहेत आणि स्वतःचा हार्फबझ सोबत घेऊन येतात. म्हणजे फाँट बरोबर, फाइल बरोबर. अडचण हायकूच्या स्वतःच्या प्रोग्रामांपुरती: संपादक, टर्मिनल, फाइलींची नावं, मेनू.

५ ऑक्टोबर, शनिवार

गुरुजींना दुकानात बोलावून पडदा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याला नाक लावून बघत होते. "पहिली वेलांटी पळाली," म्हणाले. मग, "दुसरी मात्र जागेवर आहे." बरोबर होतं, दुसरी वेलांटी मुळातच अक्षरानंतर येते, म्हणून ती वाचली. इतका नेमका बग रिपोर्ट मला स्वतःला सुचला नव्हता.

त्यांनी माझ्याकडून कागद मागितला आणि शब्द लिहायला बसले. विश्वास, कीर्ती, क्षितिज, आर्द्र, दुरुस्ती, वाऱ्यावर, तऱ्हा, दुसऱ्या. शेवटचे तीन का, असं विचारलं तर म्हणाले, "हिंदीवाल्याने चाचणी केली तर त्याला हे आठवणार नाही. हा र आपला आहे."

वाऱ्यातला तो कोयत्यासारखा अर्धा र. 'आचार्या' आणि 'आचाऱ्या' यांच्यात फरक करणारा. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी खाली टिंब असलेला ऱ वापरतात, पुढे हलन्त आणि मग य किंवा ह. जुळारी नसला की कोयता होत नाही, टिंबाचा र पाय मोडून तसाच उभा.

६ ऑक्टोबर, रविवार

कालच्या ऱ मधून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला ठाऊकच नव्हती.

गुरुजींच्या पेन ड्राइव्हवर 'दुसऱ्या घटकाच्या टिपा' अशी फाइल होती, त्यांच्या पुतण्याच्या जुन्या मॅकवरून आलेली. मी ती लॅपटॉपवर घेतली आणि हायकूच्या शोधात नाव टंकून शोधली. सापडेना. फाइल समोर दिसतेय, नाव अक्षरशः तेच, आणि शोधाचं उत्तर रिकामं.

दोन्ही नावं हेक्समध्ये, म्हणजे आतल्या कोडच्या आकड्यांत, काढली. माझ्या टंकलेल्या नावात ऱ हे एकच चिन्ह. फाइलच्या नावात र आणि त्यापुढे वेगळा नुक्ता (खालचं टिंब), दोन चिन्हं. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच समजायची. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावं फोडूनच ठेवते. बीएफएस मात्र नावाला हात लावत नाही, जे बाइट आले ते तसेच साठवते. म्हणून हायकूवर एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी राहू शकतात. करून पाहिल्या, राहिल्या. चित्र घेतलं.

नावांची लांबीही तपासली. बीएफएसमध्ये नाव २५५ बाइटांपर्यंत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजायचे. 'दुसऱ्या' एवढ्या छोट्या शब्दातच सात. ८५ ला नाव घेतलं गेलं, ८६ ला नाकारलं. रोजच्या वापराला ८५ पुरेत, पण आकडा लिहून ठेवला.

बीटा ५ मध्ये फॅटचा ड्रायव्हर नवा आहे. त्याची चाचणी या निमित्ताने झाली: मराठी नावांच्या फाइली पेन ड्राइव्हवर नेल्या, दुसऱ्या मशिनवर उघडल्या, परत आणल्या. नावं शाबूत, मजकूर शाबूत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. हत्यारांची पूजा केली: सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, आणि यंदा तिन्ही चाचणीची मशिनं. नेटबुकला झेंडूचं एक फूल पुरलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नेटबुक. ३२ बिटची हायकू हा वेगळाच प्राणी आहे. तिच्यात जुन्या जीसीसी २.९५ या कंपायलरने बांधलेला भागही ठेवलाय, एवढ्यासाठी की नव्वदच्या दशकातले बीओएसचे प्रोग्राम तसेच्या तसे चालावेत. माझ्याकडे त्या काळातली एक सीडी आहे. तिच्यातला एक घड्याळाचा प्रोग्राम कॉपी करून दोनदा टिचकी मारली आणि काटे फिरायला लागले. तो ज्या प्रणालीसाठी बांधला, तिचं काम २३ वर्षांपूर्वी थांबलं. मी काही वेळ नुसता बघत बसलो.

आवाज येत नाही. ते वेगळं बघायचंय.

२० ऑक्टोबर, रविवार

आज दुकानाचं स्वतःचं काम हायकूवर घेतलं. चाचणी करायची तर रोजच्या कामातून करावी, नुसते मेनू उघडून बंद करण्याला अर्थ नाही.

बीएफएसचं खरं वैशिष्ट्य तिचे ॲट्रिब्यूट. ही फाइल प्रणाली बीमध्ये मुख्यत्वे डॉमिनिक जाम्पाओलो यांनी बांधली. पुढे ॲपलमध्ये स्पॉटलाइट या शोधाच्या कामात तेच होते. कल्पना अशी की फाइलीला मजकुराव्यतिरिक्त नावं-किमतींच्या चिठ्ठ्या चिकटवता येतात, आणि त्या चिठ्ठ्यांवर फाइल प्रणालीच शोध घेते, वेगळा डेटाबेस लागत नाही.

मी 'दुरुस्ती' नावाचा नवा फाइल प्रकार केला. त्याला चार ॲट्रिब्यूट: गिऱ्हाईक, वस्तू, बिघाड, अवस्था. प्रत्येक दुरुस्तीची एक रिकामी फाइल. आत काहीच नाही, सगळी माहिती चिठ्ठ्यांत. ट्रॅकर या फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत त्या रकान्यांसारख्या दिसतात, तिथेच टिचकी मारून बदलता येतात.

आधी 'एमकेइंडेक्स' या कमांडने इंडेक्स (शोधाची सूची) करायला विसरू नये. त्यानंतर चिकटवलेल्या चिठ्ठ्याच शोधात येतात, आधीच्या येत नाहीत. पहिल्या नऊ फाइलींना चिठ्ठ्या पुन्हा चिकटवाव्या लागल्या.

मग शोध लावला: अवस्था बरोबर 'बाकी'. खिडकीत १४ फाइली. त्यातल्या एका मिक्सरच्या फाइलीची अवस्था दुसऱ्या खिडकीतून 'झालं' केली, आणि शोधाच्या खिडकीतून ती त्याच क्षणी आपोआप नाहीशी झाली. ताजं करायचं बटण नाही, काही नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, परत दाखवा." चार वेळा दाखवलं.

एक गोष्ट बोचली. अवस्थेसाठी माझा पहिला शब्द 'शिल्लक' होता. रकान्यात त्याची वेलांटी पळाली, ल्ल चा पाय मोडला, म्हणून 'बाकी' घेतलं. 'पूर्ण' मध्ये रफार आहे, म्हणून 'झालं'. माझ्याच दुकानातले शब्द मी पडद्याला झेपतील असे निवडले. गुरुजींना हे सांगताना मला संकोच वाटला. ते म्हणाले, "आत्ता चालव. पण तुझ्या नोंदीत मूळ शब्द लिहून ठेव." लिहिलेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

मागे फिरण्याची चाचणी. लॅपटॉप बीटावरून रात्रीच्या ताज्या बांधणीवर नेला. मग बूट होताना मेनू उघडून आधीची अवस्था निवडली. हायकू प्रत्येक बदलाआधीची पॅकेजं तारीख-वेळेच्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. बीटा ५ जशी होती तशी समोर. पुन्हा बूट, ताजी बांधणी परत. तीनदा आलटून पालटून केलं. चाचणी करणाऱ्याला याहून मोठा आधार नाही; बिघडलं तर मागे जायची वाट आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्तपणे नवं बसवतो.

माझ्या एका छोट्या प्रोग्रामची हायकूपोर्टर रेसिपीही (त्याचं हायकूसाठी पॅकेज करायच्या सूचनांची फाइल) आज बांधून पाहिली. लिनक्सवर बांधला जायचा, इथे जोडणीत अडला. हायकूत सॉकेटची फंक्शनं वेगळ्या नेटवर्क लायब्ररीत असतात, तिचं नाव द्यावं लागतं. एका ओळीचा बदल.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची गर्दी ओसरली. डेस्कटॉप एका पट्टीवर २५ सप्टेंबरपासून चालतोय, रोज दुकानभर. एकदाही केडीएल नाही.

देवनागरीचा कागद पूर्ण केला. जटिल लिप्यांच्या मांडणीबद्दल हायकूत जुनी नोंद आहेच, त्यामुळे नवी न करता तिच्यातच भर घालायची. हे काम अवघड का आहे तेही आता मला नीट कळलंय. ॲप सर्व्हरमध्ये हार्फबझ आणून बसवला की भागलं, असं नाही. ओळीची रुंदी मोजणं, कर्सर पुढेमागे सरकवणं, माऊसने निवडणं, ओळ तोडणं, सगळीकडे एक चिन्ह म्हणजे एक आकार असं गृहीत धरलेलं आहे. 'क्षि' वर बॅकस्पेस दाबली तर काय पुसायचं, वेलांटी की सगळं अक्षर, हेसुद्धा कुणीतरी ठरवायला हवं. ते ठरवणाऱ्याला देवनागरी येत नसेल तर त्याला हा कागद लागेल.

म्हणून कागद असा केला: बारा ओळी, प्रत्येकीत एकच अडचण. पहिली वेलांटी. जोडाक्षरावरची पहिली वेलांटी. रफार. रफारावर अनुस्वार. क्ष, ज्ञ, त्र, श्र. पोटात रकार. रु आणि रू. ऱ्य आणि ऱ्ह. ॲ आणि ऑ. फोडलेला ऱ आणि अखंड ऱ. पाय मोडलेलं शेवटचं अक्षर, 'अर्थात्' सारखं. आणि मराठी-इंग्रजी मिसळलेली ओळ. प्रत्येक ओळीखाली दोन चित्रं: स्टाइल्डएडिटमध्ये काय दिसतं, लिबरऑफिसमध्ये काय दिसतं. बाजूला युनिकोडचे क्रमांक, म्हणजे ज्याला लिपी वाचता येत नाही त्यालाही फरक मोजता येईल.

जोडायच्या आधी गुरुजींना छापून दाखवला. तासभर बसून त्यांनी लाल पेनने एकच खूण केली. सातव्या ओळीत मी 'रूपया' लिहिलं होतं. "रु पहिला," ते म्हणाले. "चाचणीचा कागद आहे ना? मग तो तरी शुद्ध हवा."

सुधारला, चित्रं पुन्हा काढली, रात्री सव्वादहाला जोडला.

उद्या नेटबुकचा आवाज.